वाटा नेमका कुणाचा?

२०१० च्या नोव्हेंबर महिन्यात लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्या मंडळींत एका छोट्याशा दुरुस्तीची मोठी चर्चा झाली. माइक गॅलब्रेथ यांनी लिहिलेली ही दुरुस्ती जेमतेम दोनशे-सव्वादोनशे ओळींची होती. पण ती बसवल्यावर यंत्राच्या वागण्यात जो फरक पडला, तो पाहून खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचे उघड कौतुक केले. एरवी कर्नल कंपाइल करायला घेतला, की त्या कामाचे डझनावारी प्रोसेस एकदम सुटत आणि शेजारच्या खिडकीतला ब्राउझर खडखडत, अडखळत चाले. दुरुस्तीनंतर मागे कंपाइलचा धडाका चालू असतानाही ब्राउझरचे पान हलके वर-खाली होऊ लागले.

आधीच्या व्यवस्थेत काही अन्याय होत होता का? हिशेब मांडून पाहावा. कंपाइलचे ६४ प्रोसेस आणि ब्राउझरचा एक, असे ६५ जण प्रोसेसरच्या एका कोअरवर हक्क सांगत असतील आणि प्रत्येकाला अगदी समान वेळ द्यायचा असेल, तर ब्राउझरच्या वाट्याला सुमारे दीड टक्का येतो. प्रोसेस मोजले तर हा न्याय चोख आहे. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाच्या लेखी तिथे दोनच कामे चालू होती, एक कंपाइलचे आणि एक वाचनाचे. गॅलब्रेथ यांनी तेवढेच केले. एका सत्रातून सुटलेले सगळे प्रोसेस एका गटात घातले आणि आधी गटांमध्ये वाटणी करून मग गटातल्या गटात पोटवाटणी केली. ब्राउझर दीड टक्क्यावरून थेट निम्म्या हिश्श्यापर्यंत पोहोचला.

ऑपरेटिंग सिस्टिममधल्या शेड्यूलरची साठ वर्षांची कहाणी ही या एका प्रश्नाची कहाणी आहे. वेळ समान वाटायचा, हे सगळ्यांनाच मान्य आहे. तो कुणाकुणात वाटायचा आणि नेमके काय वाटायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.

हा शेड्यूलर कर्नलच्या पोटात बसलेला असतो. प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी एका थ्रेडच्या, म्हणजे प्रोसेसमधल्या कामाच्या एका धाग्याच्या, सूचना पाळतो, असे ढोबळमानाने म्हणता येते. साध्या लॅपटॉपवर कोअर आठ असले, तरी थ्रेड हजारोंनी असतात. त्यांतले बहुतेक झोपलेले असतात. कुणी की दाबली जाण्याची वाट पाहतो, कुणी डिस्कची, कुणी नेटवर्कची. जे जागे आहेत आणि काम करायला तयार आहेत, त्यांतून पुढचा कोण आणि तो किती वेळ चालणार, हे शेड्यूलर ठरवतो. ठरावीक अंतराने टायमर कोअरला थांबवतो. लिनक्समध्ये हा टिक बांधणीनुसार सेकंदाला १०० ते १००० वेळा पडतो. चालत्या थ्रेडची नोंद जपून ठेवायची, दुसऱ्याची काढायची, की अदलाबदल झाली. तिला काही मायक्रोसेकंद लागतात, शिवाय नव्या थ्रेडचा डेटा कॅशमध्ये नसल्याने तो सुरुवातीला रेंगाळतो. म्हणून पाळी फार छोटी ठेवली तर वेळ अदलाबदलीतच जातो आणि फार मोठी ठेवली तर बाकीचे ताटकळतात. विंडोजने तर या बाबतीत सरळ दोन वाटा केल्या आहेत. घरगुती आवृत्तीत एका थ्रेडची पाळी सहसा दोन टिकांची, सर्व्हरच्या आवृत्तीत बारा टिकांची. घरी माणूस समोर बसलेला असतो, त्याला उत्तर लगेच हवे असते. सर्व्हरला दिवसभरात जास्तीत जास्त काम उरकायचे असते.

हा पेच पहिल्यांदा अंगावर आला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. तोपर्यंत संगणक म्हणजे कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, निकाल घ्यायला जायचे. सीटीएसएसने एकाच यंत्रावर अनेकांना टर्मिनलवर बसवले आणि प्रत्येकाला यंत्र आपल्यासाठीच चालते आहे असे वाटायला लावले. यासाठी कोर्बातोंनी रांगांची उतरंड वापरली. काम आधी वरच्या रांगेत जाते आणि त्याला छोटी पाळी मिळते. तेवढ्यात ते संपले नाही, तर ते एक पायरी खाली उतरते. तिथे पाळी दुप्पट लांब, पण क्रम उशिरा येतो. अशाने छोटी कामे पटापट सुटतात आणि लांबलचक हिशेब आपोआप तळाशी जातात. कोणते काम लहान आणि कोणते मोठे हे आधी कुणालाच ठाऊक नसते. कामाच्या वागण्यावरून ते ओळखायचे, ही यातली खरी प्रतिभा. कोर्बातोंना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो सीटीएसएस आणि तिच्या पाठोपाठच्या मल्टिक्स या प्रणालींवरील कामासाठी. आजच्या अनेक शेड्यूलरांच्या रचनेत ही उतरंड अजून टिकून आहे.

वागण्यावरून ओळखायचे म्हटले, की वागण्याचे सोंगही आणता येते. त्या काळातला एक किस्सा अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठ्यपुस्तकात दिला आहे. टर्मिनलवर कुणी रिटर्न की दाबली, की त्याचा प्रोसेस वरच्या वर्गात जाई. माणूस समोर बसलाय, त्याला लवकर उत्तर द्यावे, हा हेतू. मोठे गणित चालवणाऱ्या कुणा एकाच्या लक्षात आले, की दर काही सेकंदांनी नुसती रिटर्न दाबत राहिले तरी गणित झपाट्याने पुढे सरकते. त्याने ही युक्ती मित्रांना सांगितली. पुढे काय झाले असेल, हे सांगायला नको.

उतरंडीत दुसरा धोकाही आहे. वर नवी छोटी कामे येतच राहिली, तर तळाच्या कामाला वालीच उरत नाही. याला शेड्यूलिंगच्या परिभाषेत उपासमार म्हणतात. विंडोजमध्ये अग्रक्रमाच्या ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवर कुणी तयार असेपर्यंत खालच्याला संधी मिळत नाही. म्हणून तिथे एक अंतर्गत राखणदार अधूनमधून फेरी मारतो; सुमारे चार सेकंद ताटकळलेला थ्रेड दिसला, तर त्याला तात्पुरते १५ व्या पायरीवर चढवतो आणि त्याची पाळी झाली की पुन्हा मूळ जागी सोडतो.

प्रोसेस मोजायचे की माणसे, हा गॅलब्रेथ यांच्या दुरुस्तीमागचा प्रश्न सिडनी विद्यापीठाने त्यांच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता. तिथे विद्यार्थी मोठ्या संख्येने एकाच सामाईक यंत्रावर युनिक्स वापरत असत. गृहपाठ द्यायची तारीख जवळ आली, की यंत्र गुदमरायचे आणि जो जास्त प्रोसेस सोडेल तो जास्त वेळ ओढून न्यायचा. जुडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये आपली 'फेअर शेअर' पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात हिस्सा प्रोसेसचा नसून वापरकर्त्याचा होता. कुणी दहा प्रोसेस सुरू केले तर त्याचाच हिस्सा दहांत विभागला जाई. शिवाय आधी केलेल्या वापराची आठवण ठेवली जाई, पण ती हळूहळू पुसट होत जाई. आठवडाभर यंत्र बडवून शेवटच्या रात्री 'मलाही समान वाटा द्या' म्हणणाऱ्याला थोडे मागे राहावे लागे; जो मोजून-मापून वापरत आला, त्याला अडचणीच्या वेळी यंत्र मिळे. न्यायाचा हिशेब आजच्या क्षणापुरता न ठेवता कालचाही धरावा, ही कल्पना फार मोलाची होती.

लिनक्सने मात्र बराच काळ दुसरी वाट धरली. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत इंगो मोल्नार यांचा नवा शेड्यूलर होता. थ्रेड दहा असोत वा दहा हजार, पुढचा निवडायला त्याला सारखाच वेळ लागे, आणि सर्व्हरवर तो उत्तम चाले. पण डेस्कटॉपवर कोणता थ्रेड माणसाशी बोलतो आहे आणि कोणता नुसता गणिते करतो आहे, हे तो झोपेच्या प्रमाणावरून ताडत असे. हा अंदाज चुकला, की गाणे तुटे आणि माउस थबके. अंदाज सुधारण्यासाठी सूत्रांना सूत्रे जोडली जात होती आणि गुंता वाढत होता.

त्यातला 'नाइस' या अंकाचा घोळ तर मुळातून समजून घेण्यासारखा आहे. युनिक्सच्या जगात प्रोसेसला उणे २० ते १९ या दरम्यानचा नाइस अंक देता येतो. अंक जितका मोठा, तितका प्रोसेस दुसऱ्यांना वाट देणारा. जुन्या पद्धतीत शून्य नाइसला १०० मिलिसेकंदांची पाळी मिळे आणि एक नाइसला ९५ ची, फरक नगण्य. पण १८ नाइसला १० आणि १९ नाइसला ५, म्हणजे तिथे एका अंकाच्या फरकाने वाटा थेट निम्मा. आणखी विचित्र बाब अशी, की १९ नाइसचे दोन पार्श्वभूमीतले प्रोसेस शेजारी चालले तर दर ५ मिलिसेकंदांना अदलाबदल होई. सावकाश चालणाऱ्या ज्या जड कामांना लांब, निवांत पाळी हवी, त्यांनाच सर्वांत छोटे तुकडे मिळत.

या गुंत्याला पहिला ठोस पर्याय दिला तो ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिव्हास यांनी. प्रोग्रामिंग हा त्यांचा पेशा नव्हता. आपल्या यंत्रावर लिनक्स सुरळीत चालावे म्हणून ते सी भाषा शिकले. २००७ च्या मार्चमध्ये त्यांनी असा शेड्यूलर मांडला, ज्यात कोण 'संवादी' आणि कोण नाही याचे अंदाज बांधायचेच नव्हते. सर्वांना काटेकोर समान वाटा दिला, की डेस्कटॉप आपोआप सुरळीत चालतो, असा त्यांचा दावा होता. तो खरा ठरला. एप्रिलमध्ये इंगो मोल्नार यांनी त्याच तत्त्वावर, पण संपूर्ण नव्या बांधणीचा शेड्यूलर जाहीर केला. पहिल्या ओळीपासून प्रसिद्धीपर्यंत ६२ तास लागले, असे त्यांनी सांगितले आणि न्याय्य वाटणीने काम भागते हे दाखवून दिल्याचे श्रेय कोलिव्हास यांना दिले. ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत मोल्नार यांची रचना आली. 'कम्प्लीटली फेअर शेड्यूलर' हे तिचे नाव. सीएफएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाऊ लागली. कोलिव्हास यांनी त्याच जुलैमध्ये कर्नलचे काम सोडले होते. त्यांच्या पदरी श्रेयाची ओळ आली, पण ज्या चिकाटीने त्यांनी ही बाजू वर्षानुवर्षे लावून धरली, तिला याहून मोठा मान मिळायला हवा होता.

सीएफएसचे मर्म एका आकड्यात आहे. प्रत्येक थ्रेडच्या खात्यावर त्याने आजवर वापरलेला 'आभासी वेळ' नॅनोसेकंदांत लिहिलेला असतो. ज्याच्या खात्यावर सर्वांत कमी, तो पुढचा. बस. खाती एका संतुलित वृक्षात लावलेली असतात आणि सर्वांत डावीकडचे पान उचलायचे असते. समजा, एका कोअरवर दोन व्हिडिओ रूपांतराची कामे आणि एक लेखनाचा एडिटर आहे. आठ कोअरच्या यंत्रावर सीएफएस २४ मिलिसेकंदांत प्रत्येकाला एकदा तरी संधी द्यायचे उद्दिष्ट ठेवतो, म्हणजे तिघेही जागे असतील तर प्रत्येकी आठ. एडिटर बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्यामुळे त्याचे खाते मागे राहते. बोट 'क' वर पडले, की तो जागा होतो, सर्वांत डावीकडे असतो, लगेच कोअर मिळवतो, अर्धा मिलिसेकंद खर्चून अक्षर उमटवतो आणि पुन्हा झोपतो. त्याला कुणी 'संवादी' म्हणून ओळखलेले नाही. त्याने कमी वापरले एवढेच पाहिले गेले. तो तासभर झोपून उठला, तर मात्र तासाभराची उधारी वसूल करू देत नाहीत. त्याचे खाते इतरांच्या जवळ आणून ठेवतात आणि किंचितच आघाडी देतात, नाहीतर तो उरलेल्यांना तासभर उभे करील.

नाइसचा घोळही इथे मिटला. शून्य नाइसचे वजन १०२४, एकचे ८२०, पाचचे ३३५, १९ चे फक्त १५. वजन कमी, तसे आभासी घड्याळ वेगाने पळते. पाच नाइसच्या प्रोसेसने एक मिलिसेकंद वापरला की खात्यावर तीन मिलिसेकंदांहून थोडे जास्तच चढतात. त्यामुळे शून्य आणि एक नाइस समोरासमोर आले तर वाटणी सुमारे ५५-४५ आणि १८ विरुद्ध १९ असले तरी जवळपास तीच.

अचूक मोजणी का हवी, याचा दाखला त्याच वर्षी, २००७ मध्ये, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून आला. डॅन त्सफ्रिर, योआव एत्सिओन आणि ड्रोर फायटेलसन यांनी दाखवले, की तेव्हाच्या बहुतेक प्रणाली टिक पडताना जो चालू असेल त्याच्याच नावावर सगळा टिक मांडतात. मग एखाद्या प्रोग्रामने टिक पडल्या पडल्या काम सुरू करायचे आणि पुढचा टिक पडायच्या जरासे आधी झोपी जायचे. जवळजवळ सगळा वेळ त्याने वापरला, बिल मात्र शेजाऱ्याच्या नावावर. वरून तो 'सतत झोपणारा', म्हणून शेड्यूलर त्याच्यावर आणखी मेहेरबान. यासाठी कोणताही विशेष अधिकार लागत नव्हता. त्यांनी तपासलेल्यांत लिनक्स, सोलारिस, फ्रीबीएसडी, विंडोज एक्सपी हे सगळे फसले. फक्त मॅक ओएस टेन सुटला, कारण त्याची वेळमोजणी ठरावीक टिकांवर अवलंबून नव्हती. हिशेबाची वही ढिली असेल तर वाटपाचे तत्त्व कितीही उदात्त असो, ते कागदावरच राहते. सीएफएस नॅनोसेकंदांत मोजतो, त्यामुळे ही पळवाट तिथे बुजली.

तरी मूळ प्रश्न उरलाच. सीएफएसच्या दृष्टीने थ्रेड ही स्वतंत्र खातेदार व्यक्ती. एका प्रोसेसने दहा थ्रेड काढले तर तो एकट्या थ्रेडच्या प्रोसेसपेक्षा दहापट वेळ नेणार. म्हणून पाठोपाठ गट आले. गूगलमधल्या अभियंत्यांनी सुरू केलेली सीग्रुप ही यंत्रणा २००८ च्या जानेवारीत कर्नलमध्ये दाखल झाली. आज डेटा सेंटरमधला प्रत्येक कंटेनर हा असाच एक गट असतो. वाचकाच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे आणि पडद्यावरचे अॅप व मागे ढकललेली अॅप वेगवेगळ्या गटांत असतात. मागच्यांना वाटा कमी मिळतो म्हणूनच पुढचे अॅप बोटाबरोबर सरकते.

गटांची किंमतही मोजावी लागली. २०१६ मध्ये युरोसिस परिषदेत जाँ-पिएर लोझी, बाप्तिस्त लेपेर्स, अलेक्झांड्रा फेदोरोव्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ६४ कोअरच्या यंत्रावर काही कोअर रिकामे बसलेले असतात आणि त्याच वेळी शेजारी थ्रेड रांगेत उभे असतात. एका प्रयोगात ६४ थ्रेडांचे कंपाइल आणि एकेका थ्रेडचे दोन सांख्यिकी प्रोग्राम एकत्र चालवले होते. गटांतल्या वाटणीमुळे कंपाइलच्या एका थ्रेडचा 'भार' अगदी हलका, तर सांख्यिकीच्या एकट्या थ्रेडचा त्याच्या ६४ पट धरला जाई. कोअरच्या ज्या समूहावर तो जड थ्रेड होता, त्या समूहाची सरासरी फुगे. तिथले मोकळे कोअर शेड्यूलरला दिसतच नसत आणि इकडची कामे तिकडे पाठवलीच जात नसत. सरासरीऐवजी समूहातला सर्वांत कमी भार पाहा, एवढा बदल केल्यावर कंपाइलचा वेळ १३ टक्क्यांनी घटला. गॅलब्रेथ यांच्या सोयीची ही दुसरी बाजू. एका कोअरवर न्याय करणे आणि ६४ कोअरांवर तो जुळवणे ही दोन निराळी गणिते आहेत.

सीएफएसचा खरा अपुरेपणा निराळ्या ठिकाणी होता. तो वाटा देतो, पण वाटा कधी मिळणार हे सांगत नाही. ध्वनी वाजवणाऱ्या थ्रेडला एकूण वेळ अगदी थोडा लागतो, पण तो वेळेवर लागतो. व्हिडिओ रूपांतराला भरपूर वेळ हवा, तो दहा मिलिसेकंद उशिरा मिळाला तरी हरकत नाही. सीएफएसमध्ये घाई दाखवायची तर नाइस अंक उतरवणे, म्हणजे वाटाच वाढवून मागणे, एवढाच मार्ग होता. उत्तर १९९५ पासून कागदावर पडून होते. इऑन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी त्या वर्षी ईईव्हीडीएफ नावाची रीत मांडली होती. तिच्यात प्रत्येकाचे येणे-देणे मांडतात; ज्याला हक्कापेक्षा कमी मिळाले तोच स्पर्धेला पात्र, आणि पात्र असलेल्यांत ज्याची आभासी मुदत सर्वांत जवळ तो पहिला. छोटी पाळी मागणाऱ्याची मुदत जवळची पडते, म्हणून त्याला लवकर बोलावले जाते, पण त्याचा एकूण वाटा तेवढाच राहतो. घाई आणि हिस्सा अशा रीतीने एकमेकांपासून सुटे झाले. पीटर झिल्स्ट्रा यांनी ही रीत लिनक्समध्ये आणली आणि ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीत सीएफएसच्या जागी ती बसली. पुढे तिच्यात आणखी एक दक्षता आली. हक्कापेक्षा जास्त घेतलेला थ्रेड झोपायला गेला, तरी त्याचे देणे लगेच माफ होत नाही. देणे फिटेपर्यंत त्याचे नाव वहीत राहते. झोपून उठून पाटी कोरी करण्याची युक्ती आता चालत नाही.

समान वाटणीच्या बाहेरही एक वर्ग आहे. यंत्राच्या हाताला वेळेवर थांबवणारे, ध्वनी किंवा मोजमाप सांभाळणारे थ्रेड 'रिअल टाइम' म्हणून नोंदवता येतात आणि साध्या थ्रेडांच्या आधी त्यांचा हक्क असतो. त्यांतला एखादा बिघडून अखंड फिरत राहिला तर यंत्र हातचे जाऊ नये, म्हणून लिनक्स त्यांना दर सेकंदाला मुळात ९५० मिलिसेकंदांपर्यंतच मुभा देतो. उरलेले ५० मिलिसेकंद बाकी जगासाठी राखीव. तेवढ्यात प्रशासक आत शिरून बिघडलेला प्रोसेस बंद करू शकतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीने वाटणीचा नियमच वापरकर्त्यांच्या हाती दिला. 'स्केड-एक्स्ट' या सोयीमुळे स्वतःचा शेड्यूलर लिहून चालत्या यंत्रावर चढवता येतो. खेळांसाठी एक, सर्व्हरसाठी दुसरा, प्रयोगासाठी तिसरा, असे करून पाहता येते. न्यायाची व्याख्या ज्याची त्याने ठरवावी. कर्नलने त्यावर एक अट मात्र घातली आहे. कामाला तयार असलेल्या कोणत्याही थ्रेडला नव्या शेड्यूलरने ठरावीक मुदतीहून अधिक काळ ताटकळत ठेवले, तर पहारेकरी तो शेड्यूलर उतरवतो आणि सगळे थ्रेड पुन्हा मूळ शेड्यूलरच्या हवाली करतो. ही मुदत शेड्यूलर लिहिणाऱ्याला कमी ठेवता येते, पण ३० सेकंदांपलीकडे वाढवता येत नाही.